'पॅप तीन' म्हणजे तिसरी स्टेज नव्हे



डार्मश्टाट आणि आसपासच्या गावांत राहणारी आपली मराठी ज्यू घरे मोजायला दोन हातांची बोटे पुरतात. सणावाराला भेटलो की नोकरी, मुलांच्या शाळा, ठाण्या-अलिबागकडची खबरबात अशा सगळ्या गोष्टी निघतात. एक विषय मात्र कोणी मोठ्याने काढत नाही. बाई बाजूला घेऊन जाते, पर्समधून कागद काढते आणि हळू आवाजात विचारते. कागदावर 'पॅप' असे लिहिलेले असते, त्यापुढे रोमन आकड्यात तीन किंवा चार, आणि खाली 'एच.पी.व्ही. पॉझिटिव्ह'. आणि प्रश्न असतो, "तिसरी स्टेज म्हणजे आता काय उरलं?"

उत्तर आम्ही आधीच देऊन टाकतो. हा आकडा कर्करोगाची स्टेज नव्हे. हा कागद आला म्हणजे कर्करोग झाला असे नाही. पण कागद कपाटात ठेवून विसरून जावे असाही तो नाही. त्याचा अर्थ एवढाच, की पुढच्या तपासणीची तारीख घ्यायची आणि ती चुकवायची नाही. हे का, ते नीट समजून घेऊ या.

आकडा कसला?

कर्करोग झाला आहे हे सिद्ध झाल्यावर तो किती पसरला ते सांगायला डॉक्टर 'स्टेज' हा शब्द वापरतात. पॅपचा आकडा त्याच्या फार अलीकडचा आहे. गर्भाशयाच्या मुखावरून, म्हणजे पिशवीच्या तोंडावरून, लहानशा ब्रशने थोड्या पेशी घेतात. त्या सूक्ष्मदर्शकाखाली कशा दिसल्या, एवढेच तो आकडा सांगतो. ही पद्धत जॉर्ज पापानिकोलाऊ या ग्रीक डॉक्टरांनी अमेरिकेत रूढ केली. त्यांच्या नावाची पहिली अक्षरे उरली, ती म्हणजे 'पॅप'.

जर्मनीतल्या प्रयोगशाळा निकाल लिहिताना म्युनिकच्या नावाने ओळखली जाणारी वर्गवारी वापरतात. तिची सध्याची तिसरी आवृत्ती २०१४ पासून चालू आहे. साध्या भाषेत ती अशी :

पॅप ० : नमुना अपुरा होता. पुन्हा द्यावा लागेल.
पॅप I : सर्व ठीक.
पॅप II-ए : आता ठीक, पण मागे काही निघाले होते म्हणून लक्ष ठेवायचे.
पॅप II-पी, II-जी : किरकोळ बदल. पुष्कळदा साधी सूज किंवा जंतुसंसर्ग हे कारण असते.
पॅप III : पेशी पाहून नक्की सांगता येत नाही. आणखी तपासणी हवी.
पॅप IIIडी१ : सौम्य बदल.
पॅप IIIडी२ : मध्यम बदल.
पॅप IVए : तीव्र बदल, म्हणजे कर्करोगाच्या आधीची पायरी. IVबी असेल तर कर्करोगाची सुरुवात नाकारता येत नाही.
पॅप V : कर्करोगाचा संशय. तो खरा की खोटा हे तुकडा तपासूनच ठरते.

आपल्याकडची आणखी एक सवय म्हणजे कागदाचा फोटो काढून ठाण्याच्या मावशीला किंवा अश्दोदच्या भाचीला पाठवायचा. पण भारतात आणि इतर बऱ्याच देशांत वेगळी वर्गवारी चालते. तिथे एल.एस.आय.एल. आणि एच.एस.आय.एल. अशी अक्षरे असतात. इथला IIIडी१ म्हणजे ढोबळमानाने तिथला एल.एस.आय.एल., आणि IIIडी२ व IVए मिळून तिथला एच.एस.आय.एल. तुकडा तपासल्यावर सी.आय.एन. १, २ किंवा ३ असे लिहून येते. तीही स्टेज नव्हे. हे माहीत नसले की तिकडच्या डॉक्टरलाही रोमन तीन पाहून प्रश्न पडतो, आणि घरात आकांत होतो.

विषाणू आणि त्याचा मुक्काम

एच.पी.व्ही. म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. काही हातापायांवर चामखीळ आणतात. सुमारे चौदा प्रकार धोक्याचे मानतात. त्यातले १६ आणि १८ नंबरचे दोनच प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांना कारणीभूत असतात.

हे ज्यांच्यामुळे कळले ते संशोधक आमच्या दक्षिणेकडच्या हायडेलबर्गचे. हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९७० च्या दशकातच हा कर्करोग पॅपिलोमा विषाणूमुळे होत असावा असे म्हणायला सुरुवात केली. त्या वेळी बहुतेकांचा संशय नागिणीच्या जातीच्या हर्पिस विषाणूवर होता. त्सूर हाउझेन यांच्या गटाने १९८३ मध्ये १६ नंबरचा आणि १९८४ मध्ये १८ नंबरचा प्रकार गाठींतून शोधून काढला. १९८३ पासून वीस वर्षे ते हायडेलबर्गच्या जर्मन कर्करोग संशोधन केंद्राचे प्रमुख होते. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. २०२३ मध्ये ते वारले.

आता मुख्य मुद्दा. ज्यांचा शरीरसंबंध आलेला आहे अशा बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी लागतोच. ताप नाही, दुखणे नाही, काही कळतही नाही. दहातल्या सुमारे नऊ जणींत शरीर स्वतःच दोनेक वर्षांत त्याला आटोक्यात आणते. थोड्या जणींत तो मुक्काम ठोकतो. मुक्काम लांबला तर पेशी बदलू लागतात, आणि त्या बदलांतून कर्करोग व्हायला बहुधा दहा ते वीस वर्षे जातात. सिगरेट ओढणाऱ्या बाईला आणि जिची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे तिला धोका जास्त.

म्हणजे तपासणीच्या हाती भरपूर वेळ असतो. पण तो फुकट घालवला तर रोग सोडत नाही. न्यूझीलंडमध्ये सी.आय.एन. ३ असूनही पुरेसा उपचार न मिळालेल्या स्त्रियांची माहिती तीस वर्षांपर्यंत तपासली गेली. त्यांतल्या सुमारे ३० टक्के स्त्रियांना कर्करोग झाला. 'घाबरू नका' एवढे सांगून आम्ही थांबत नाही, ते यामुळेच.

"मग ह्यांनी काही केलं का?"

कागदावर 'पॉझिटिव्ह' दिसले की दुसरा प्रश्न हा येतो. विचारणारी कधी बायको असते, कधी नवरा बायकोविषयी विचारतो. संसारात यावरून अबोला धरला जातो, म्हणून स्पष्ट लिहितो.

विषाणू शरीरसंबंधातून येतो हे खरे. पण तो कधी आला हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. तो वर्षानुवर्षे सुप्त राहून नंतर वर येऊ शकतो. लग्नाला वीस वर्षे झालेल्या, एकमेकांशिवाय कोणाला न ओळखणाऱ्या जोडप्यातही तो निघतो, कारण दोघांपैकी एकाच्या लग्नाआधीच्या आयुष्यातून तो आलेला असू शकतो. तेव्हा या कागदावरून कोणाच्या चारित्र्याचा निवाडा करू नये. तो कागद त्या कामाचाच नाही. पुरुषांसाठी अशी नेहमीची तपासणीही नाही, म्हणून "तुम्हीही करून या" या आग्रहाने काही साधत नाही. नवऱ्याने करायचे ते एवढेच, की बायकोबरोबर तारखेला जायचे आणि दवाखान्याबाहेरच्या खुर्चीवर बसून राहायचे.

"आपल्यात हा आजार नसतो"

हे वाक्य आपल्या आई-मावश्यांच्या तोंडी सर्रास असते, आणि त्याला थोडा आधारही आहे. ज्यू स्त्रियांत हा कर्करोग कमी आढळतो हे डॉक्टरांनी फार पूर्वी टिपले होते. इस्राएलमध्ये आजही त्याचे प्रमाण कमी आहे. कारण म्हणून सुंतेकडे बोट दाखवले गेले. २००२ मध्ये पाच देशांतल्या पुरुषांची माहिती एकत्र करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुंता न झालेल्या शंभरांपैकी सुमारे वीस जणांत हा विषाणू सापडला, तर सुंता झालेल्या शंभरांपैकी पाच-सहा जणांत.

पाच-सहा म्हणजे शून्य नव्हे. सुंतेने धोका कमी होतो, संपत नाही. शिवाय मुंबईत पारशी स्त्रियांतही हा आजार कमी दिसत आला आहे, आणि पारशी पुरुषांची तर सुंता होत नाही. म्हणजे कारणे आणखीही आहेत. समाजाचे प्रमाण कमी म्हणून एखाद्या रेबेकाबाईला किंवा सिपोराला काही होणारच नाही, असा हिशेब मांडता येत नाही. आणि आता आपली मुले जगभर विखुरली आहेत, लग्ने सर्व प्रकारची होतात. आजीच्या काळचा अंदाज नातीला लावण्यात अर्थ नाही.

उस्मानाबादच्या बायकांनी जगाला दाखवले

या तपासणीचा खरा उपयोग किती, याचा मोठा पुरावा आपल्या महाराष्ट्रातूनच आला आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात, ज्याला आता धाराशिव म्हणतात, १९९९ साली एक काम सुरू झाले. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ते केले. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांचे, गावांच्या ५२ समूहांनुसार चार गट पाडले. एका गटाची एच.पी.व्ही. तपासणी केली, दुसऱ्याची पॅप, तिसऱ्याची व्हिनेगरसारखे पातळ ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी. चौथ्या गटाला नेहमीचीच व्यवस्था ठेवली. त्या गटाला तपासणी न दिल्यावरून नंतर टीका झाली, हेही नमूद करायला हवे.

निष्कर्ष २००९ मध्ये आला. एच.पी.व्ही. तपासणी आयुष्यात फक्त एकदा झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर चौथ्या गटात ६४. जवळजवळ निम्मे. या निकालाचा आधार पुढे जगभर घेतला गेला.

मराठवाड्यातल्या त्या बायकांना एक तपासणी मिळाली, तीही आयुष्यात एकदा. इथे जर्मनीत ती पुन्हा पुन्हा मिळते आणि खर्च आरोग्य विमा, म्हणजे क्रांकेनकासे, करते. १ जानेवारी २०२० पासूनचा नियम असा : २० ते ३४ वर्षे वयाच्या स्त्रियांना दरवर्षी पॅप, आणि ३५ पासून पुढे दर तीन वर्षांनी पॅप व एच.पी.व्ही. दोन्ही एकत्र. २० ते ६५ वयाच्या स्त्रियांना विमा संस्थेकडून दर पाच वर्षांनी निमंत्रणाचे पत्र येते. पत्राची वाट पाहायची गरज नाही, आणि ६५ नंतर हक्क संपतही नाही.

पुढे काय होते?

पस्तिशीच्या पुढची बाई, पॅप ठीक आणि एच.पी.व्ही. पॉझिटिव्ह असा निकाल आला, तर १२ महिन्यांनी दोन्ही तपासण्या पुन्हा करतात. विषाणूला जायला वेळ देणे हेच त्यातले धोरण. डॉक्टर दुर्लक्ष करतात असे समजू नये. वर्षानंतरही पॉझिटिव्ह आला, किंवा पेशींतले बदल जास्त असले, तर कॉल्पोस्कोपीला पाठवतात. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी मिळते.

कॉल्पोस्कोपी म्हणजे दुर्बिणीतून पिशवीचे तोंड मोठे करून पाहणे. तेच पातळ ॲसिड लावले की बदललेला भाग पांढरा दिसतो. तिथला कणभर तुकडा घेतात. चिमटा बसल्यासारखे होते, एक-दोन दिवस थोडे रक्त जाऊ शकते. सी.आय.एन. १ असेल तर सहसा नुसते लक्ष ठेवतात, कारण ते बहुधा आपोआप जाते. सी.आय.एन. ३ असेल तर तारेच्या लूपने शंकूसारखा लहान भाग काढून टाकतात. बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडतात. पिशवी काढावी लागत नाही, पुढे मूलही होऊ शकते. मात्र त्यानंतरच्या बाळंतपणात दिवस पुरे होण्याआधी प्रसूत होण्याचा धोका थोडा वाढतो, म्हणून गरोदरपणात डॉक्टरांना हे आवर्जून सांगावे. उपचार झाल्यावरही पुढच्या तपासण्या सोडू नयेत.

या दुर्बिणीविषयी ज्यू वाचकांपासून एक गोष्ट लपवणे बरे नाही. ती १९२५ च्या सुमारास हाम्बुर्गच्या हान्स हिन्सेलमान यांनी बनवली. नाझी काळात आउशवित्झच्या ब्लॉक १० मध्ये, मुख्य एस.एस. डॉक्टर एडुआर्ड विर्ट्सच्या हाताखाली, ज्यू कैदी स्त्रियांच्या गर्भाशयमुखावर त्यांच्या संमतीविना प्रयोग झाले, आणि त्यांचा धागा हिन्सेलमानच्या या पद्धतीशी जुळलेला होता. रोमा स्त्रियांच्या सक्तीच्या नसबंदीबद्दल युद्धानंतर हिन्सेलमानला शिक्षा झाली. हे वाचून कोणाला त्या टेबलावर झोपायला नको वाटले तर आम्ही समजू शकतो. पण आज याच दुर्बिणीने हजारो बायकांचे प्राण वाचतात, आणि आज तुमच्या होकाराशिवाय तुम्हाला कोणी हात लावू शकत नाही. समजले नाही तर पुन्हा विचारण्याचा, घरी जाऊन विचार करण्याचा, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा हक्क तुमचा आहे. तो वापरावा.

दवाखान्यात जाताना

इथल्या पद्धतीची सवय नसल्याने पुष्कळ जणी एकदा जातात आणि पुन्हा जात नाहीत. म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो.

तपासताना अंगावर चादर देण्याची पद्धत इथे बहुतेक ठिकाणी नाही. लांब कुडता किंवा घेरदार झगा घालून जावे, म्हणजे संकोच वाटत नाही. बाई डॉक्टर हवी असेल तर तारीख घेतानाच सांगावे, यात कोणाला वाईट वाटत नाही. पाळीचे दिवस टाळावेत, आणि आधीचे दोन दिवस आतून लावायचे मलम वापरू नये. भाषेची अडचण असेल तर बरोबर कोणाला तरी न्यावे, पण शक्यतो मुलाला किंवा मुलीला दुभाषा करू नये. आईला लेकरासमोर बोलता येत नाही आणि महत्त्वाचे तेच राहून जाते. डॉक्टरांवर गुप्ततेचे कायदेशीर बंधन असते. तुमच्या परवानगीशिवाय ते नवऱ्यालाही काही सांगत नाहीत. तारीखच मिळत नसेल तर ११६११७ हा सरकारमान्य क्रमांक आहे, तिथून मदत मिळते. आणि निकालाच्या कागदाची प्रत मागून घेऊन फाइलला लावावी. गाव बदलले, डॉक्टर बदलले, तर तीच कामाला येते.

भारतातून राहायला आलेल्या आईचीही आठवण ठेवावी. "माझी पिशवी काढलीय, मला काय करायचंय?" असे पुष्कळ आया म्हणतात. काही शस्त्रक्रियांत पिशवी काढतात पण तोंड ठेवतात. तसे असेल तर तपासणी लागते. जुने कागद पाहून डॉक्टरांना विचारावे. आणि पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, संबंधानंतर रक्त आले, किंवा घाण वासाचे पाणी जात राहिले, तर ते अंगावर काढू नये. मागचा निकाल चांगला असला तरी लगेच दाखवावे.

मुलीला आणि मुलालाही

हा लेख वाचून आयांनी मुलांकडे वळावे अशी आमची इच्छा आहे. जर्मनीत एच.पी.व्ही. ची लस मुलींसाठी २००७ पासून आणि मुलांसाठी २०१८ पासून सुचवलेली आहे. वय ९ ते १४ असेल तर दोन डोस पुरतात. राहून गेली असेल तर अठरा पूर्ण होईपर्यंत घेता येते, पण पंधरानंतर सुरू केली तर तीन डोस लागतात. खर्च क्रांकेनकासे करते. इस्राएलमध्ये ती शाळेतून मुलामुलींना देतात. भारतात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये 'सर्वाव्हॅक' ही स्वतःची लस बाजारात आणली.

"एवढ्या लहान वयात का?" असे विचारले जाते. कारण लस विषाणू येण्याआधीच काम करते, आलेला विषाणू ती घालवत नाही. स्वीडनमध्ये २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सतरा वर्षांच्या आत लस घेतलेल्या मुलींना पुढे हा कर्करोग होण्याचे प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी आढळले. लस घेतली तरी मोठेपणी तपासणी चालू ठेवावी लागते, कारण सगळे प्रकार लशीत येत नाहीत. लशींवर देखरेख ठेवणारी इथली सरकारी संस्था आमच्या शेजारच्या लांगेन गावात आहे. फ्रांकफुर्टला जाताना तिच्या जवळूनच जातो. नोबेल मिळवणाऱ्या पाउल एर्लिश या ज्यू शास्त्रज्ञाचे नाव तिला दिलेले आहे.

शेवटी एक विनंती. हा अंक वाचून झाला की घरातल्या बायकांची शेवटची तपासणी कधी झाली ते आठवून पाहा. आठवत नसेल, तर या आठवड्यातच फोन करून टेर्मिन घ्या. ज्यांच्या कपाटात न वाचलेला कागद पडून आहे, त्यांनी तो बाहेर काढावा, त्यावरची तारीख पाहावी आणि डॉक्टरांना दाखवावा. एकटीने जायला नको वाटत असेल तर आमच्यापैकी कोणालाही हाक मारा. आम्ही बरोबर येऊ, आणि ती गोष्ट आमच्यापाशीच राहील.